ओठ दिसतील इतकं साफ

बुलढाणा,
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामू,

सलाम. हॉटेलवाल्या फहीमभाईंच्या हाती पाठवलेला कुर्ता मिळाला. माप न घेता शिवलात तरी बाह्या अगदी बरोबर बसल्या. काल तोच घालून बातम्या वाचल्या, तुम्ही पाहिलंच असेल.

माझ्या खोलीवरच्या मुली विचारत होत्या, आजकाल पत्रं कोण लिहितं? मी त्यांना सगळं सांगितलं. अम्मी-अब्बा वीटभट्टीवर फिरतीवर असायचे, म्हणून मी तुमच्याकडे वाढले. मी चौथीत असताना तापात तुमचे कान गेले. मग मी शिलाई मशीनसमोर बसून शाळेचे धडे सावकाश, ओठ पूर्ण उघडून वाचायचे आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून शब्द ओळखायचात. माझे उच्चार त्यातून घडले आणि त्या उच्चारांवरच मला ही नोकरी लागली. मोबाइलबद्दलही सांगितलं. शिंप्याचा अंगठा एका वेळी चार अक्षरं दाबतो, म्हणून मामू टाइप करत नाहीत. आणि व्हिडिओ कॉल फहीमभाईंच्या फोनवर एकदा केला होता, तेव्हा चित्र अडकून माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं. मुली पुष्कळ हसल्या. मग एक म्हणाली, तुझ्या मामूंना भेटायला हवं.

आता महत्त्वाचं. आपलं चॅनेल एचडी करायचं का, यावर सुधाकर सरांनी आज सगळ्यांची बैठक घेतली. केबलचं जाळं त्यांचं, चॅनेलही त्यांचं, तेव्हा निर्णय तेच घेतील. एचडी म्हणजे तेच चित्र, पण कितीतरी जास्त ठिपक्यांचं. आत्ता जिथे चेहऱ्याचा नुसता गोळा दिसतो, तिथे डोळे, भुवया, दात वेगवेगळे दिसतील. आमचा कॅमेरामन प्रसेनजित म्हणतो, कॅमेरा केव्हापासून तयार आहे, आपणच चित्र दाबून पाठवतो. सर म्हणाले, खेड्यात कोण बघणार इतकं बारीक? मला राहवलं नाही. मी बोलले. मग ते म्हणाले, एवढं वाटतं तर सविस्तर लिहून दे. मामू, मी लिहिणार आहे.

एक विचारायचं कधीपासून मनात आहे. बातम्या संपतात, संगीत सुरू होतं, माझा माइक बंद होतो, पण कॅमेरा अजून माझ्यावर असतो. तेवढ्यात मी रोज एक वाक्य बोलते. त्याला आवाज नसतो. सगळ्या जिल्ह्यात ते एकट्या तुम्हालाच कळत असणार. पण तुम्ही पत्रात कधी त्याचं नावही काढत नाही. मी काय म्हणते ते इथे लिहिणार नाही. ते तुमच्या-माझ्यातच राहू दे.

शेजारच्या अन्नपूर्णामावशींचं पायाचं दुखणं कसं आहे?

तुमची,
अलफिया


वरवट बकाल,
१३ नोव्हेंबर २०२४

बेटी अलफिया,

खुश राह्य. तुले उर्दू वाचता येत नाई, म्हणून माह्या या वाकड्यातिकड्या मराठीवरच भागव.

कुर्ता पाहिला. टीव्हीत रंग जरासा फिका वाटला, पण अंगावर बसला हे दिसलं. दिवेलागणीले मशीन बंद करतो, नमाज पढतो, अन् अन्नपूर्णाबाईच्या घरी जातो. पडल्यापासून त्यायचं खाटेवरून उठणं कमीच हाये. त्या खाटेवर, मी स्टुलावर, अन् समोर त्यायचा तो मोठ्या पोटाचा जुना टीव्ही. साडेसात वाजले का तू येते. नात छकुली शिकवणीले गेलेली राह्यते, तं घरात आम्ही दोघंच. तुही पुरी बातमी होईस्तोवर बाई कोणाले घरात येऊ देत नाई. परवा दूधवाला आला, तं त्याले दारातच उभं ठेवलं.

त्या एचडीचं वाचलं. तू बोलली ते चांगलं केलं, पण मले इचारशील तं कायले पाहिजे? हायेच चित्र चांगलं हाये. तू दिसते, ओढणीचा रंग समजते, मागचा नकाशा दिसते. साफ चित्र कोणासाठी, ते आधी पाह्य. ज्याच्या घरी नवा टीव्ही अन् केबलचा नवा डबा, त्याच्यासाठी. आपल्या गल्लीत मोठ्या पोटाचेच टीव्ही जास्त हायेत. कापड किती बी उंची असो, अंगात जाईल तं सदरा.

तू शेवटी जे म्हणते ते मी रोज पाहतो. त्याले माह्यं आमीन.

भट्टीवर अब्बाले फोन कर. त्यायले खोकला हाये म्हणे.

तुहा मामू,
गफ्फार


बुलढाणा,
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय मामू,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आमीनवर तर मी हसतच सुटले. मामू, ती दुआ नाही, तो प्रश्न आहे. दीड वर्ष रोज विचारते आहे. आता उत्तर पाठवा, टाळू नका.

अब्बांना फोन केला. खोकला उतरला आहे.

साफ चित्र कोणासाठी, असं तुम्ही विचारलंत. एक घडलेलं सांगते. गेल्या महिन्यात एका ग्रामसभेत बायका पाण्यासाठी उठून बोलल्या. आम्ही ती बातमी दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका बाईंचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिले, म्हणाल्या, आणि माझ्या सुनेने मला पदराच्या काठावरून ओळखलं, तोंड काही दिसलं नाही. मोठ्या चॅनेलवर पुढाऱ्यांच्या मिशीचा केसन्‌केस दिसतो. आमच्या बायका बोलायला उठल्या, तर त्यांना काठावरून ओळखायचं. खेड्यातलं माणूस धूसरच दिसणार, हे कोणी ठरवलं? आणि बघणारं माणूस खेड्यातलं आहे म्हणून त्याला धूसर चित्र पुरतं, हे तरी कोणी ठरवलं?

हेच सगळं मी सरांना लिहून दिलं. त्यांनी ते बैठकीत मोठ्याने वाचलं. मामू, ठरलं. एक जानेवारीपासून आपलं चॅनेल एचडी होणार. साधं प्रक्षेपण त्या दिवशी बंद होईल, कारण केबलवर एका एचडी चॅनेलला तीन साध्या चॅनेलइतकी जागा लागते आणि दोन्ही चालवायला सर तयार नाहीत. लोक हळूहळू डबे बदलतील. प्रत्येक नव्या गोष्टीच्या वेळी थोडी अडचण होतेच, नाही का?

घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही पेढे वाटले होते. त्या शिक्षणाने काय केलं म्हणून कोणी विचारलं, तर आता सांगायला एक गोष्ट झाली. तुम्हाला आनंद होईल ना?

तुमची,
अलफिया


वरवट बकाल,
२ डिसेंबर २०२४

बेटी अलफिया,

पत्र मिळालं. आनंद झाला. तू लिहिलेलं सगळ्यायसमोर वाचलं, हे फहीमले बी सांगितलं. त्यानं हाटेलात बसलेल्यायले सांगितलं.

तुह्या प्रश्नाचं उत्तर. तब्येत ठीक हाये. गुडघा बी ठीक हाये.

आता माह्या एका गोष्टीचं उत्तर तू दे. एक जानेवारीले अन्नपूर्णाबाईच्या टीव्हीत काय दिसंल? काहीच नाई. मी केबलवाल्या पोराले इचारून आलो. जुन्या डब्यात ते येतच नाई म्हणते. बाई दिवसभर खाटेवर राह्यतात. साडेसातची वाट पाह्यतात. छकुलीले म्हणतात, माह्या पोरीच्या बातम्या लागल्या. तू त्यायची पोरगी नाई, तरी तशाच म्हणतात. तू म्हणशील मी डबा घेऊन देते. त्या घेणार नाईत, मी ओळखतो. अन् त्यायले दिला तरी बाकीच्यायचं काय? थोडी अडचण, असं तू लिहिलं. थोडी कोणाची, ते तू जाऊन पाह्यलं का?

तू शिकली, म्हणून तुले इचारतो. अडाणी राह्यती तं नसतं इचारलं.

रागावलो नाई. थंडी वाढली, गळा सांभाळ. तुहं काम गळ्याचं हाये.

गफ्फार


वरवट बकाल,
६ डिसेंबर २०२४

अलफिया पोरी,

मी अन्नपूर्णाबाई. चष्मा लावून लिहून राह्यली. अक्षर वाकडं आलं तं हसू नको. तुहा मामा आज शेगावले धागा आणाले गेला, म्हणून हे लिहिता आलं. तो येईस्तोवर छकुली गुपचूप डाकेत टाकंल.

तो तुह्यावर नाराज हाये, असं तुले वाटत असंल. तसं नाई. तो माह्यासाठी भांडून राह्यला. पण त्यात एक गोष्ट लपवून राह्यला, ते मीच सांगते.

पोरी, तुह्या मामाले टीव्हीत तुहे ओठ दिसतच नाई. पयल्या दिवसापासून नाई. आमच्या टीव्हीत तुहं तोंड म्हणजे एक गोरा ठिपका अन् त्यात खाली एक काळी रेघ हालते. त्यावरून शब्द कोण ओळखंल? त्यानं डोळे ताणून पाह्यलं, चष्मा बदलला, स्टूल पुढे घेतला. इतका पुढे घेतला का मी म्हणलं, आता टीव्हीत जाऊन बस. मंग तो गप झाला. मी म्हणलं, भाऊ, इकडं पाहा माह्याकडं. तवापासून तू बोलते, मी आयकते, अन् त्याच्याकडं तोंड करून एक-एक बातमी सांगते. माह्ये ओठ त्याले बरोबर समजतात. दीड वर्ष झालं, असंच चालू हाये. मी बातमीत माह्यं बी थोडं घालते. नुसती बातमी कोरडी लागते.

तुले त्यानं हे सांगितलं नाई. मी म्हणलं, सांग ना, त्यात काय? तो म्हणे, 'ते पोरगी माह्यासाठी सावकाश वाचते. तिले कळलं का मले दिसतच नाई, तं ते वाचंल कोणासाठी?'

अन् तू शेवटी आवाज बंद झाल्यावर जे पुटपुटते, ते मले काऊन कळंल? मले आवाज लागते, त्याले ओठ लागतात, अन् तिथं दोन्ही नाई. त्यानं मले इचारलं, पोरगी काय म्हणते? मी म्हणलं, दुआ मागत असंल. म्हणून त्यानं तुले आमीन लिहिलं. तू मंग लिहिलं का तो प्रश्न हाये. तवा चार दिवस इचार करून त्यानं गुडघ्याचं लिहिलं.

तं तू माह्यं आयक. ते साफ चित्र तू आण. फहीमच्या हाटेलात भिंतीवर नवा मोठा टीव्ही लागला, नवा डबा बी हाये. एकदा त्याले तुहं तोंड नीट दिसू दे. माह्या टीव्हीचं काय, बंद पडला तं पडू दे. मी छकुलीच्या पुस्तकातले धडे आयकीन. पण तो मले एकटी टाकून तिथं जाणार नाई, हे बी खरं हाये. ते कसं जमवाचं, ते तू पाह्य. तू शिकलेली हायेस.

त्याच्या घरी संध्याकाळी चूल काही रोज पेटत नाई. मी इचारलं का हात हालवते, मंजे जेवला का नाई ते समजतच नाई.

तुही मावशी,
अन्नपूर्णाबाई


बुलढाणा,
१७ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला बातम्या वाचायच्या होत्या. कशाबशा वाचल्या. शेवटचं वाक्य मात्र तोंडातून निघेना. प्रसेनजितने विचारलं, आज मामूंना काही म्हणाली नाहीस? त्याला माहीत आहे, कारण रोज माझ्यासाठी तोच कॅमेरा थोडा जास्त वेळ धरून ठेवतो.

मला आधी स्वतःचा रागच आला. एवढी पानं लिहिली, त्यात खेड्यातला माणूस हा शब्द कितीदा आला असेल, आणि ज्या दोन माणसांना मी ओळखते त्यांच्या घरचा टीव्ही माझ्या लक्षात नव्हता. मग वाटलं, रागावून काय होणार? मी सरांकडे गेले. म्हटलं, एचडी हवंच, पण साधंही चालू राहायला हवं. त्यांनी कपाळाला हात लावला.

'महिनाभर साफ चित्रासाठी माझं डोकं खाल्लंस. आता धूसर चित्रासाठी खाणार आहेस का?'

मी म्हटलं, 'दोन्हीसाठी, सर.'

ते जागेचं कारण सांगू लागले. जागा खरंच नाही, ते खोटं बोलत नव्हते. दोन दिवस मी आणि प्रसेनजित त्यावरच बोलत होतो. आमचं गाण्यांचं एक साधं चॅनेल आहे ना, ज्यावर दिवसभर जुनी गाणी लागतात, ते तर बंद होणार नाही. मग त्याच चॅनेलवर रोज आठ वाजता पंधरा मिनिटं गाणी थांबवून आमच्या साडेसातच्या बातम्या पुन्हा दाखवल्या तर? ते तुमच्या जुन्या डब्यातही दिसेल. सर आधी नाहीच म्हणाले, त्या वेळेला जाहिराती असतात. शेवटी म्हणाले, त्या पंधरा मिनिटांच्या जाहिराती तू स्वतः आणून दे, मग जुने डबे आहेत तोवर चालव. आता सुट्टीच्या दिवशी मी भांड्यांच्या आणि बियाण्यांच्या दुकानांत फिरते. लोक टीव्हीत पाहिलेलं तोंड ओळखतात, पाणी देतात, बसवतात. जाहिरात सगळेच देत नाहीत, पण पुढचे काही आठवडे भरतील इतकी मिळाली आहे.

तर मावशी, तुमच्या बातम्या आता आठला. गाण्यांचं चॅनेल छकुली शिकवणीला जाण्याआधीच लावून ठेवेल. म्हणजे साडेसातला मामूंना मोकळं सोडता येईल. एक जानेवारीला त्यांना फहीमभाईंच्या हॉटेलात काहीही कारण काढून पाठवा. मला सगळं कळलंय, हे त्यांना सांगू नका. आणि ते तिथून परत येतील, तेव्हा शक्य असेल तर छकुलीकडून तव्यावर एक भाकर जास्त टाकून घ्या. का, ते तुम्हाला मागून कळेल.

तुम्ही दीड वर्ष माझ्या बातम्या माझ्या मामूंपर्यंत पोहोचवल्या. मला वाटत होतं, मीच पोहोचवते आहे.

तुमची पोरगी,
अलफिया


वरवट बकाल,
५ जानेवारी २०२५

बेटी अलफिया,

अन्नपूर्णाबाईले खोटं बोलता येत नाई. एक तारखेले मले म्हणे, फहीमच्या हाटेलातून खारी घेऊन या. मी म्हणलं, बातम्या झाल्यावर आणतो. तं म्हणे, नाई, आत्ता पाहिजे, माह्यं मन झालं. त्या बाईनं साऱ्या जिंदगीत खारी मागितली नाई. गेलो.

हाटेलात गर्दी होती. फहीमनं मले धरून पुढच्या बाकावर बसवलं, अन् मंग तू आली.

बेटी, कसं लिहू? तुहा समोरचा दात दिसला. सहावीत सायकलवरून पडली होती तवाचा, टवका उडालेला. मले वाटे तो नीट करून घेतला असंल. नाई केला. भुवईजवळचा तीळ दिसला. अन् तुहे ओठ हालले, तं मले समजलं. पयली बातमी तुरीची, दुसरी रस्त्याची. तू सावकाश वाचत होती, जशी माह्या मशीनपुढे बसून वाचे तशीच. तोंड पुरं उघडून, प अन् ब ले ओठ दाबून. बाजूवाला चहा पेत होता, त्याले मी सांगितलं का नाई ते ध्यानात नाई, पण तो माह्याकडं पाह्यत होता. मी टीव्हीकडून मान हालवली नाई.

मंग बातम्या सरल्या. लोक उठाले लागले, फहीम चॅनेल बदलाले गेला. मी हात वर केला, तं तो थांबला. तू कागद सरकवले, समोर पाह्यलं, अन् म्हणलं,

मामू, जेवलात का?

दीड वर्ष तू हे इचारून राह्यली अन् मी तुले गुडघा सांगून राह्यलो.

मी तुह्याशी खोटं बोललो, हे आता तुले समजलंच असंल. समजलंच होतं म्हणा, बाईच्या तोंडावरून मले कळलं. माफ कर. तू म्हणत होती ते खरं निघालं, अन् मी म्हणत होतो ते बी खोटं नव्हतं. दोन्ही तू ठेवलं, हे पेढ्यायपेक्षा मोठं झालं.

त्या रोजी मी जेवलो नव्हतो. खारी घेऊन बाईच्या घरी गेलो, तं ताट वाढून ठेवलेलं. भाकर, तुरीच्या दाण्याची भाजी, हिरवा ठेचा. त्या म्हणे, पोरीनं सांगितलं एक भाकर जास्त टाक, काऊन ते तुम्हीच सांगा. मी सांगितलं. त्या पदर तोंडाले लावून बसल्या, मंग म्हणे, आता तरी जेवा.

आठ वाजता गाण्याच्या चॅनेलवर तू परत आली. तोच गोरा ठिपका. बाई माह्याकडं तोंड करून सांगाले लागल्या. रस्त्याची बातमी आली तं म्हणे, ठेकेदाराले तुरुंगात टाकणार हायेत. मी म्हणलं, बाई, हे अलफिया बोललीच नाई. त्या अशा चिडल्या का इचारू नको. म्हणे, दीड वर्ष मी न्याय केला तं तुम्हाले चाललं, अन् एक दिवस पोरीचं तोंड दिसलं तं माह्ये दोष काढाले लागले. आता रोज हेच भांडण हाये. साडेसातले फहीमकडं, आठले बाईकडं. एकच बातमी दोनदा आयकतो, अन् दोन्ही येळा वेगळी.

फहीमकडं आता जेवूनच जातो. न जेवता गेलो तं तुह्या तोंडाकडं कोणत्या तोंडानं पाहू?

हाव बेटी, जेवलो. तू जेवली का?

तुहा मामू,
गफ्फार